हवामानाचा सातवा खंड

ग्रंथालयात परत आलेलं प्रत्येक पुस्तक आधी बाईंच्या टेबलावर जाई. बाई उजव्या अंगठ्यानं पानं सर्रकन सोडत आणि जिथं पेन्सिलची रेघ, फुली, बदाम किंवा कुणाचा फोन नंबर दिसेल तिथं थांबत. मग पांढरा खोडरबर. मग दाढीचा एक जुना ब्रश, चुरा झटकायला. तो ब्रश कुणाचा, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

अठ्ठावीस वर्षं हे काम. हुद्दा साधा परिचराचा, पण सभासद ग्रंथपालाला घाबरत नसत तेवढे बाईंना घाबरत. कारण पुसायच्या आधी बाई वाचून दाखवत. मोठ्यानं, खिडकीपुढच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. एका निवृत्त मास्तरांनी कवितांच्या पुस्तकाच्या समासात लिहिलं होतं, ‘आज तिला जाऊन पाच महिने.’ बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “मास्तर, पाच महिने झाले का? मग घरच्या वहीत लिहा. हे पुस्तक काही तुमच्या बायकोनं माहेराहून आणलेलं नाही.” रांगेतले चारजण फिस्सकन हसले. मास्तर पुन्हा आले नाहीत. बाईंनी हा किस्सा घरी जेवताना मुलाला सांगितला होता, आणि तो हसला नाही म्हणून त्याला ‘मठ्ठ’ म्हणाल्या होत्या.

मुलगा एकुलता. तो बोलताना अडखळायचा. शाळेत त्याचं नाव ‘टकटक’ पडलं, टाइपरायटरवर एकच अक्षर अडकावं तसा तो बोलतो म्हणून. बाईंचा त्यावर एकच उपाय होता: “नीट बोल, नाहीतर बोलू नकोस.” मुलानं दुसरा पर्याय निवडला.

तो बारा वर्षांचा असताना नवरा एका सकाळी बॅग भरून निघून गेला. बाईंनी ग्रंथालयात सांगितलं, परगावी नोकरी लागली. चार वर्षांनी कुणीतरी फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, “गेले.” आणि समोरच्याचा चेहरा पडलेला पाहून पुढं काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जुन्या ग्रंथपालांनी वाचनकक्षात सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं केलं. बाईही उभ्या राहिल्या, मान खाली घालून. त्या दोन मिनिटांत, नेहमीसारखी, कोण कुजबुजतंय हे त्यांनी बरोबर टिपलं.

शाळा सुटली की मुलगा ग्रंथालयात येऊन बसे, घर बंद असायचं म्हणून. त्याला ताकीद होती: “इथं मी तुझी आई नाही. बाई म्हणायचं. आणि म्हणायची वेळ आणू नकोस.” तिथंच त्याची गाठ पडली रखवालदाराच्या भाच्याशी. तो काटकुळा पोरगा तोंडाचा फटकळ, दिवसभर टेबलावर बोटांनी ठेका धरणारा. बाई लांबून बोट ओठांवर नेत. बोलायला बंदी, म्हणून ही दोन मुलं एकमेकांना लिहू लागली. पुस्तकाच्या समासात, पेन्सिलनं. एकानं एक ओळ लिहायची, दुसऱ्यानं खाली जोडायची.

तो भाचा पुढं गाजला. रॅप करतो. नाव घेतलं ‘खिळा’. त्याचं एक गाणं रिक्षात, दुकानात, न्हाव्याकडं, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडं वाजत होतं:

आई माझी खोडरबर, मी पेन्सिलीची रेघ,
मी उमटतो हळूहळू, तिचा पुसण्याचा वेग.
तोंड उघडायच्या आधी तिचं बोट ओठांवर,
‘गप्प बस’ अशी पाटी आमच्या घराच्या दारावर.

खिळ्याच्या आईच्या मुलाखती झाल्या. त्या बिचाऱ्या बाईनं आयुष्यात खोडरबर हातात धरला नसेल, पण ती कॅमेऱ्यासमोर डोळे पुसत म्हणाली, “मी जरा कडक होते.” बाईंनी हे गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं, म्हणजे कानावर पडलं होतं. शब्दांकडं लक्ष द्यावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

ग्रंथालयात तरुणांसाठी नवा विभाग होणार होता आणि पुढच्या रविवारी उद्घाटनाला खिळा येणार होता. ही बातमी आली त्या दिवशी मुलगा कामावरून लवकर आला. वय चौतीस, इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी वाळवायच्या यंत्रावर. हात कोपरापर्यंत लाल. तो बाईंसमोर बसला आणि बोलू लागला, आणि बाईंनी मध्ये तोडलं नाही. इतकं तो कितीतरी वर्षांत एका वेळी बोलला नव्हता.

“त-ते गाणं म-माझं आहे.”

“कुठलं?”

“ख-खिळ्याचं. शब्द माझे. इथंच लिहिले होते. तुझ्या ग-ग्रंथालयात.”

“तू?” बाई हसल्या. “तुला वाण्याकडं साबण मागता येत नाही.”

मुलानं फोन पुढं केला. त्यानं खिळ्याच्या मॅनेजरला लिहिलं होतं आणि उत्तर आलं होतं: ‘आठवड्याला अशी वीस माणसं येतात. एकजण तर म्हणाला, गाणं त्याच्या स्वप्नातून चोरलं. खिळाभाईला एक मुलगा आठवतो, पण कोणती ओळ कुणाची हे आठवत नाही. कशात लिहिलं होतं ते पुस्तक दाखवा. अक्षर तुमचं निघालं तर भाई स्टेजवर सगळ्यांसमोर तुमचं नाव घेईल. गाण्यावरही टाकू. पुस्तक नसेल तर कृपया त्रास देऊ नये.’

“मग दाखव पुस्तक.”

“ह-हवामानाचं. जाड. कुणी नेत नाही. कुठला खंड ते आ-आठवत नाही.”

हवामानाच्या नोंदी. पन्नास वर्षांचा पाऊस, वारा, उष्णता, नुसते आकडे. अकरा खंड, संदर्भ विभागात, बाहेर न्यायला मनाई. बाहेर जात नाहीत म्हणून परत येत नाहीत, आणि परत येत नाहीत म्हणून बाईंच्या टेबलावरून कधी गेले नाहीत. बाईंच्या हे लगेच लक्षात आलं आणि त्यांना पहिल्यांदा वाटलं, पोरगा खरं बोलत असावा.

“गाण्यातली ती आई म्हणजे मी का?”

मुलानं फोन उलटा करून ठेवला.

“असू दे,” बाई म्हणाल्या. “लोकांना वाटतंय ना त्याचीच आई. वाटू दे.” मग म्हणाल्या, “शोधते मी.”

असं का म्हणाल्या, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच की मुलानं आजवर काही मागितलं नव्हतं. चप्पलसुद्धा तुटली की स्वतः शिवायचा.

आठ दिवस होते. बाई दुपारी डबा अर्धा टाकून संदर्भ विभागात जाऊ लागल्या. खंड उतरवायचा, धूळ पुसायची, पान पान बघायचं. आकड्यांच्या शेजारी रुंद समास होते, आणि ते अठ्ठावीस वर्षं त्यांच्या नजरेतून सुटले होते. पहिल्या खंडात कुणाचं तरी प्रेमपत्र. तिसऱ्यात बुद्धिबळाचा अख्खा डाव. बाईंनी सवयीनं दोन्ही पुसून टाकलं. संध्याकाळी मुलगा दारातच विचारी, “स-सापडलं?” बाई म्हणत, “धीर धर. अकरा आहेत.” त्या आठवड्यात तो घरी गुणगुणू लागला. एकदा आरशासमोर उभा राहून स्वतःचं नाव म्हणत होता, पुन्हा पुन्हा, न अडखळता म्हणता येतं का ते बघत. बाईंनी ऐकलं. काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या हिशेबानं ही मायाच होती.

शुक्रवारी दुपारी सातव्या खंडात ते पान निघालं.

मुलाचं अक्षर त्यांनी ओळखलं. डावीकडं कललेलं, दाबून लिहिलेलं. गाण्यातल्या चारही ओळी तिथं होत्या, शब्दाला शब्द. खाली वेगळ्या, फटकाऱ्याच्या अक्षरात: ‘हे मी म्हणू का?’ आणि त्याखाली पुन्हा मुलाचं: ‘म्हण. मला जमणार नाही.’

एवढं पुरे होतं. पान खिळ्यासमोर ठेवलं की झालं. बाईंनी खूण म्हणून कागदाचा कपटा घातला. मग त्यांना दिसलं की समासाच्या दुसऱ्या बाजूला, आडव्या अक्षरात, आणखी चार ओळी आहेत. या गाण्यात नव्हत्या.

बाप गेला बॅग भरून, भिंतीवर तेलकट डाग,
तोही तिनं घासून काढला, ना रडली, ना राग.
आता मी डोकं टेकून बसतो रोज त्याच जागेवर,
एक माणूस परत काढतोय तिच्या कोऱ्या भिंतीवर.

घरातल्या खाटेमागची ती भिंत. नवरा तिथं डोकं टेकून रेडिओ ऐके. तो गेला त्या दुपारी बाईंनी धुण्याचा सोडा आणि काथ्या घेऊन डाग काढला होता. मुलगा दारात उभा होता, बघत. पुढं काही महिन्यांनी तिथंच पुन्हा डाग पडू लागला आणि बाई वर्षानुवर्षं मुलाला ओरडत राहिल्या: डोकं भिंतीला लावू नकोस, किती वेळा सांगायचं, जनावर आहेस का. तो ऐकत नसे. सगळं ऐकणारा मुलगा एवढंच ऐकत नसे.

बाई उभ्या होत्या, त्या जवळच्या स्टुलावर बसल्या.

मग त्यांना रविवार दिसला. खिळा माइकवर हे पान वाचतोय. ‘बाप गेला बॅग भरून.’ समोर ग्रंथपाल, लिपिक, सभासद. आणि ते जुने कर्मचारी, जे दोन मिनिटं उभे राहिले होते.

त्यांनी फक्त त्या चार ओळी पुसायचं ठरवलं. वरच्या राहू द्यायच्या, त्या मुलाच्या. खोडरबर हातात होताच. पुसल्या, ब्रशनं झटकलं, आणि पान खिडकीकडं धरलं. पिवळ्या कागदावर एक पांढरा, चकचकीत पट्टा उमटला होता. कुणीही विचारलं असतं, इथं काय होतं? बाईंना या कामातली एक गोष्ट पक्की ठाऊक होती: अर्धं पुसलेलं पान न पुसलेल्या पानाहून जास्त नजरेत भरतं. अशा वेळी आजूबाजूचंही घ्यावं लागतं, रंग एकसारखा होईपर्यंत. त्यांनी कडेची एक ओळ घेतली. मग तिच्या वरची. हात थांबला नाही; त्याला अठ्ठावीस वर्षं थांबायची सवयच नव्हती. ‘म्हण. मला जमणार नाही’ हे शेवटी गेलं. दाबून लिहिल्यानं कागदावर खोल रेषा उरल्या होत्या, त्या त्यांनी अंगठ्याच्या नखाच्या पाठीनं घासून सपाट केल्या.

काम उत्तम झालं होतं.

संध्याकाळी मुलानं विचारलं, “स-सापडलं?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “चार खंड राहिलेत. उद्या बघते.”

शनिवारी त्या उरलेले चार खंड खरोखरच चाळून आल्या. घरी म्हणाल्या, “नाही बाबा. तुझ्या डोक्यात काहीतरी गोंधळ झालाय.” मुलानं इस्त्री केलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर घातला होता. तो त्यानं काढून ठेवला नाही.

रविवारी सकाळी वाचनकक्षातली टेबलं भिंतीला लावली होती. तीनशे पोरं-पोरी, खिडक्यांतसुद्धा. जिथं अठ्ठावीस वर्षं खोकायची चोरी होती तिथं दोन कपाटाएवढे स्पीकर. बाई पुस्तकांच्या रॅकपाशी उभ्या होत्या, मुलगा मागं खांबाजवळ. दोघं वेगवेगळे आले होते, नेहमीसारखे.

खिळा चांगला माणूस होता. अंगानं भरला होता, गळ्यात साखळी, पण हसणं तेच. ग्रंथपालांचं लांबलचक भाषण त्यानं हात जोडून थांबवलं आणि म्हणाला, “मी एका पुस्तकासाठी आलोय. माझं गाणं इथं जन्मलं. एक मित्र होता. आम्ही लिहायचो चोरून. मला वाटतं अर्धं गाणं त्याचं असेल. पण वाटून काय उपयोग? मॅनेजर म्हणतो पुरावा पाहिजे. मला एवढं आठवतं, हवामान, खंड सातवा. सात माझा लकी नंबर. या, बघू या सगळे मिळून.”

तो सरळ रॅककडं गेला. बाईंना बाजूला व्हावं लागलं. त्यानं खंड काढला, टेबलावर ठेवला आणि पानं उलटू लागला. कुणीतरी मोबाइलचा कॅमेरा वरून धरला आणि पान मागच्या पडद्यावर दिसू लागलं. आकडे, आकडे. मग बाईंचा कपटा. काढायचा राहून गेला होता.

पानाचा समास कोरा होता. खिळ्यानं पान उजेडाकडं धरलं.

“कुणीतरी पुसलंय राव.”

ग्रंथपाल नवे होते आणि त्यांना संधी सोडवेना. “आमच्या बाई!” ते माइकमध्ये म्हणाले. “अठ्ठावीस वर्षं! आमच्या एकाही पुस्तकावर तुम्हाला रेघ सापडायची नाही!” सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

“मावशी!” खिळ्यानं ओळखलं. “तुम्ही अजून आहात? बाप रे, या, या इकडं. पोरांनो, ही बाई नुसतं बोट वर करायची, माझी चड्डी पिवळी व्हायची.” हशा. त्यानं बाईंच्या खांद्यावर हात टाकला. फोटो निघाले. मग त्यानं माइक त्यांच्या तोंडापुढं धरला. “खरं सांगा मावशी. काय होतं त्या पानावर?”

वाचनकक्ष शांत झाला. तसा तो फक्त बाईंच्या धाकानं होत असे. खांबाजवळ मुलगा एक पाऊल पुढं आला होता. त्याचे ओठ उघडे होते.

“हवामान,” बाई म्हणाल्या.

छप्पर उडेल एवढा हशा झाला. खिळा टाळी द्यायला वाकला.

“म-म-मी,” मागून आवाज आला. “त-ते म-मी...”

माना वळल्या. खिळ्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. “टकटक? अरे तू टकटक ना? आण रे त्याला पुढं!” लोकांनी मुलाला हातांवरून ढकलत आणलं. खिळ्यानं त्याला मिठी मारली आणि ती खोटी नव्हती. “पान गेलं तर गेलं. ज्यानं लिहिलं त्याला पाठ असणारच. म्हण. इथं, सगळ्यांसमोर म्हण. म्हणालास की नाव घेतलंच समज.”

माइक मुलाच्या हातात आला. बाई त्याच्यापासून चार फुटांवर होत्या. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

“आ,” तो म्हणाला. “आ-आ-आ. आ-आ-आ-आ.”

पुढं शब्द येईना. मान ताठ झाली, शिरा फुगल्या, लाल हात माइकवर आवळला. कीबोर्डवरच्या पोरानं ते ‘आ-आ-आ’ पकडलं आणि खाली ठेका टाकला. कुणी वाईट हेतूनं नाही. अशा पोरांना आवाज कानावर पडला की हात आवरत नाहीत. लोकांनी टाळ्यांनी ठेका उचलला. खिळ्याचे डोळे चमकले. त्यानं दुसरा माइक घेतला आणि त्या अडखळण्याच्या फटींत आपले शब्द टाकू लागला. मुलगा जितका थांबायचा प्रयत्न करी तितका तो अडके, आणि जितका अडके तितके लोक नाचत. तीन-चार मिनिटं हे चाललं. संपल्यावर खिळ्यानं त्याचा हात वर केला. “जमलं की रे तुला! आग लावलीस!” मॅनेजरनं मुलाच्या डोक्यावर कंपनीची टोपी घातली.

नाव कुणी घेतलं नाही. खिळ्याला ते आठवत नव्हतं, आणि गडबडीत विचारायचं राहिलं. दोन दिवसांत तो व्हिडिओ चाळीस लाख लोकांनी पाहिला. खाली नाव होतं: ‘टकटक काका’.

त्याच रविवारी दुपारी बाई घरी आल्या तेव्हा मुलगा खाटेवर बसला होता. टोपी डोक्यावरच होती, तो काढायला विसरला असावा. बाईंनी ताटं वाढली. दोघं जेवू लागले.

“प-पुसलंस ते वाचून पुसलंस?” मुलानं विचारलं.

“वाचून.”

“स-सगळं?”

“सगळं.”

बाईंना वाटलं, आता ओरडेल. त्यांनी तयारी केली होती: सरकारी पुस्तकात लिहिणं गुन्हा आहे, आणि तुझीच अक्कल कुठं गेली होती. पण त्यानं मान खाली घालून विचारलं,

“आडवं लिहिलेलं होतं ना? शेवटचं. ते मला आ-आठवत नाही. बाबांवर होतं. सतरा वर्षं आठवतोय. ते ग-गाण्यात नाही म्हणून गेलं डोक्यातून. तेच बघायचं होतं मला.” तो पहिल्यांदा वर बघून म्हणाला, “कसं होतं?”

चारही ओळी बाईंच्या जिभेवर होत्या. मास्तरांच्या बायकोचे पाच महिनेसुद्धा ज्या विसरल्या नव्हत्या, त्या हे कसं विसरणार?

“अक्षर घाणेरडं होतं,” त्या म्हणाल्या. “लागलं नाही नीट.”

मुलानं मान हलवली. दोघांची ताटं त्यानंच घासली.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं सहज, मीठ मागावं तसं विचारलं, “आ-आठवलं काही?” बाई म्हणाल्या, “नाही.” तिसऱ्या दिवशीही विचारलं. मग रोज. राग नाही, आर्जव नाही. धुलाईखान्यात लोक त्याला ‘काका, आ-आ करा’ म्हणत. तो करून दाखवी म्हणे, पटकन सुटका व्हावी म्हणून. घरी आला की हात धुई, पाटावर बसे आणि विचारी. बाई ‘नाही’ म्हणत. एकदा म्हणाल्या, “आठवलं की सांगेन, सारखं काय?” तरी त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

असे साडेतीन महिने गेले. बाईंची नोकरी संपली. शेवटच्या दिवशी ग्रंथालयानं एक घड्याळ दिलं आणि ग्रंथपालांनी भाषणात ‘हवामान’चा किस्सा सांगितला, सगळे हसले, बाईही. घरी येताना त्या रस्त्यात एका बाकावर बसल्या आणि त्यांनी त्या चार ओळी मनात म्हणून पाहिल्या. मग ओठ हलवून. मग अगदी हळू, आवाजात. कुठं अडलं नाही. ‘बॅग भरून’, इथंसुद्धा नाही. आता लपवायचं कुणापासून? ज्यांच्यापासून लपवायचं ते सगळे मागं राहिले होते, घड्याळ देऊन. आज विचारलं की सांगायचं, असं ठरवूनच त्यांनी कुलूप काढलं.

मुलगा आला. हात धुतले. बसला. बाईंनी वाढलं आणि पाण्याचा पेला त्याच्याजवळ सरकवला, जो त्या कधी सरकवत नसत.

तो जेवत होता. अर्धं ताट झालं. बाईंनी घसा खाकरला.

“उ-उद्यापासून पहाटेची पाळी आहे,” मुलगा म्हणाला. “लवकर निघेन. तू उठू नकोस.”

बाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. तो शेवटचा घास पुसून घेत होता.

“आणखी काही?” त्यांनी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला, न अडखळता, आणि ताट उचलून उठला.